तासणीची धार

पौडच्या बाजारपेठेत जैनुद्दीन मुलाण्याचं दुकान कुणालाही विचारलं तरी सापडायचं. दुकान हे लोकांचं म्हणणं. खरं तर ती त्याच्या घराची पुढची पडवी होती, पत्रे ठोकून बंद केलेली. पिरंगुटच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये तेहतीस वर्षं काढून तो घरी बसला, तेव्हा त्याच्या बायकोनं, बीबीजाननं, त्याची चिडचिड पंधरा दिवस ऐकून घेतली आणि सोळाव्या दिवशी पडवीतली पोती नि सरपण हलवून जागा मोकळी करून दिली. तेव्हापासून भंगारातनं जुनी हत्यारं उचलायची आणि ती पुन्हा माणसात आणायची, हा त्याचा उद्योग झाला.

सगळ्यात जास्त जीव हातड्रिलांवर. विजेची ड्रिलं स्वस्त झाल्यापासून हातानं फिरवायच्या ड्रिलाला कुणी विचारत नव्हतं. दात्यांचं मोठं चाक, त्याला लागून फिरणारी दोन लहान चाकं, बाजूची लाकडी मूठ, सगळं गंजून एकजीव झालेलं असं ड्रिल भंगारात शे-दीडशेला पडलेलं असायचं. जैनुद्दीन ते घरी आणून दोन दिवस डिझेलमध्ये बुडवून ठेवायचा, मग एकेक स्क्रू सोडवायला घ्यायचा. घाई केली की स्क्रूचं डोकं जातं, आणि डोकं गेलेल्या स्क्रूपुढं कुणाचं काही चालत नाही, असं तो बघणाऱ्याला सांगायचा. तारेच्या ब्रशनं गंज काढायचा, चाकाला मूळचा लाल रंग द्यायचा, मुठीला जवसाचं तेल पाजायचा. शेवटी एका बोटानं मूठ ढकलली तरी चाक सात-आठ फेरे आपसूक फिरायला पाहिजे, ही त्याची परीक्षा. रविवारी बावधन-हिंजवडीकडची कंपनीतली मंडळी गाड्या घेऊन यायची आणि ती ड्रिलं, रंधे, पटाश्या कौतुकानं घेऊन जायची.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. घोटवडे फाट्याजवळ रईसचं भंगाराचं आवार होतं, तिथं जैनुद्दीन दर मंगळवारी चक्कर टाकायचा. त्या मंगळवारी रईसनं एक पोतं त्याच्यापुढं ओतलं. दोन रंधे, लाकूड कोरायच्या चार पटाश्या, एक करवत, एक जुनं हातड्रिल आणि लाकूड तासायची रुंद पात्याची तासणी. जैनुद्दीन खूश होऊन खाली बसला. तासणी उलटी केली आणि त्याचा हात थांबला. दांड्याच्या खाली लोखंडावर पंचनं मारलेले तीन ठिपके होते. मग त्यानं रंधे बघितले, पटाश्या बघितल्या. सगळ्यांवर तेच तीन ठिपके.

ते ठिपके त्यानं स्वतः मारून दिले होते. रिहे गावच्या जनार्दन सुताराची हत्यारं होती ती. जनार्दन आणि तो चाळीस वर्षांचे दोस्त. जनार्दनच्या पटाश्या जैनुद्दीननं कारखान्यातल्या गाड्यांच्या तुटक्या कमानपट्ट्यांपासून घडवल्या होत्या, आणि जैनुद्दीनच्या घरातला पलंग, दारं, देवळीएवढं कपाटसुद्धा जनार्दनच्या हातचं. हा माणूस हत्यारं कुणाला वापरायला देत नसे, विकणं तर लांबच.

रईसला विचारलं तर तो म्हणाला, एकानं पिकअपमधून आणून टाकलं, वजन केलं आणि गेला. नाव कैलास की काय ते.

कैलास म्हणजे जनार्दनचा मुलगा. जैनुद्दीननं पोतं जसंच्या तसं घेतलं आणि घरी न जाता तिथूनच रिह्याची जीप पकडली.

खोऱ्यात भाताची झोडणी चालली होती. रस्त्याकडेला जनार्दनची कामाची शेड होती. तिच्या एका बाजूचे पत्रे उचकटलेले दिसले. मागं घर. जनार्दन ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. डावा हात कोपरापासून प्लॅस्टरमध्ये, डोळ्याखालचा भाग काळानिळा, आणि ओठ असा फाटलेला की बोलताना तो हातानं धरावा लागत होता. त्याची सून आशालता पाणी घेऊन आली. तिनं पदर गळ्याभोवती घट्ट घेतला होता, पण तांब्या खाली ठेवायला वाकली तेव्हा पदर सरकला आणि जैनुद्दीनला तिच्या गळ्यावर बोटांचे वळ दिसले.

झालं होतं ते असं. कैलासनं पुण्याच्या कुणा माणसाला फार्महाऊससाठी जागा द्यायचा शब्द दिला होता. जागा जनार्दनच्या नावावर. जनार्दन सही करेना. उलट एक दिवस जेवताना तो बोलून गेला की घर आणि शेड मी आशालताच्या नावावर करणार, म्हणजे तिला कुणी घराबाहेर काढणार नाही. कैलासनं ताट भिरकावलं. दाराचा अडसर काढला आणि बापाच्या हातावर दोनदा आणि तोंडावर एकदा मारला. आशालता मधे पडली तर तिचा गळा धरून तिला भिंतीशी रेटून वर उचललं, तिचे पाय जमिनीवरून सुटेपर्यंत. दुसऱ्या दिवशी बाप दवाखान्यात असताना त्यानं हत्यारं पोत्यात भरून नेली. हत्यारं नसली की म्हातारा शेडमध्ये कशाला बसेल, असा त्याचा हिशेब.

जैनुद्दीन तडक उठला आणि पोलिसांत चल म्हणाला. जनार्दननं उजव्या हातानं त्याचं मनगट धरून खाली बसवलं. पोटच्या पोराला मी तुरुंगात घालणार नाही, तुला माझी शपथ आहे, असं काहीतरी तो त्या फाटक्या ओठांनी बोलला. मग पोत्याकडं बघून म्हणाला, "हत्यारं नीट कर. आधी तासणी कर."

"एका हातानं काय तासणार तू?"

"उजवा हाय की," जनार्दन म्हणाला.

म्हाताऱ्याचा हट्ट, असं समजून जैनुद्दीन पोतं खांद्यावर टाकून परत आला.

पाच-सहा दिवस भंगारात उघड्यावर दव खाऊन हत्यारांवर गंज चढला होता. तासणीचं पातं त्यानं सोडवून डिझेलच्या बादलीत टाकलं. दांडा तडकला होता, तर बाभळीच्या चांगल्या वाळलेल्या फाट्याचा नवा दांडा कोरायला घेतला. मधल्या वेळात जनार्दनचं हातड्रिल उघडलं. त्याचं मोठं चाक जाम होतं, कारण दात्यांत जुन्या सागाचा भुसा नि वंगण दगडासारखं बसलं होतं. टोच्यानं एकेक दाता मोकळा करताना जैनुद्दीनचा राग जरा उतरला. लाल रंगाचा हात दिला, वाळायला ठेवलं. बुधवारी दुपारी तो ते जोडत बसला होता, तेव्हा कैलास दारात उभा राहिला.

रईसकडून त्याला कळलं होतं. रईसच्या मनात काही नव्हतं; गिऱ्हाईक कोण हे विचारलं, त्यानं सांगितलं.

कैलास आधी नीट बोलला. चाचा, ती हत्यारं परत द्या, म्हातारा तासणी येणार म्हणून शेडमधून उठत नाही, तुम्हाला दुप्पट देतो. जैनुद्दीन म्हणाला, भंगारातनं घेतलीत, आता माझी आहेत आणि ती तुझ्या बापाला जाणार आहेत. कैलासनं बाकावरचं ते लाल ड्रिल उचललं, जमिनीवर आपटलं, आणि तिथलीच हातोडी घेऊन त्यावर घाव घातला. बिडाचं चाक दोन तुकडे होऊन बाकाखाली गेलं.

जैनुद्दीननं उठून त्याच्या मुस्काटात दिली. दोस्ताच्या पोराला द्यावी तशीच दिली, त्याहून जास्त काही नाही. पण कैलास अडतिसाचा होता आणि जैनुद्दीन बासष्टीचा. कैलासनं कपाळानं त्याच्या नाकावर धडक मारली. जैनुद्दीनच्या तोंडात रक्ताची चव आली, डोळ्यांपुढं पांढरं झालं. तो पडतोय तोवर पोटात गुडघा बसला. मग त्याला कळलं की आपला डावा हात कुणीतरी ओढून वर धरला आहे, आणि करंगळी नि तिच्या शेजारचं बोट गार लोखंडाला लागलं आहे. बाकावरच्या वाईसचे, त्या लोखंडी शिकंज्याचे, जबडे उघडे होते. कैलासनं दांडा फिरवला.

बोटं अडकली. अर्धा फेरा आणखी फिरवून कैलास थांबला आणि विचारलं, "तासणी कुटंय?"

तासणी जैनुद्दीनच्या पायाशी बादलीत होती. तो काही बोलला नाही. का बोलला नाही हे त्याला पुढं कधी नीट सांगता आलं नाही. एक पातं उचलून देऊन टाकलं असतं तर काय बिघडलं असतं. कैलासनं आणखी अर्धा फेरा दिला. नखं फुटली. त्यानंतरच्या पाव फेऱ्याला आत कुठंतरी ओली काटकी मोडल्यासारखं झालं आणि जैनुद्दीनच्या तोंडून जो आवाज निघाला तो बाजारपेठेत तिसऱ्या दुकानापर्यंत गेला.

बीबीजान आतनं धावत आली. तिनं बादली बघितली, पण ती पात्यासकट उचलण्याएवढी ताकद तिच्यात नव्हती. बाजूला वापरलेल्या डिझेलचा डबा होता, तो सगळाच्या सगळा तिनं कैलासच्या डोळ्यांत फेकला. कैलास डोळे धरून मागं सरला, पत्र्यावर आदळला, चाचपडत बाहेर समोरच्या नळाकडं पळाला. इकडं बीबीजाननं वाईसचा दांडा धरला. सबंध जन्मात तिनं त्या वाईसला हात लावला नव्हता. तिनं तो आधी आवळायच्याच बाजूला फिरवला. जैनुद्दीनची शुद्ध गेली.

शुद्धीवर आला तेव्हा दारात माणसं गोळा झाली होती. कैलास लाल डोळ्यांनी मोटारसायकलवर बसत होता, आणि त्याला धरायला कुणी पुढं होत नव्हतं. जाताना तो बीबीजानला म्हणाला की शुक्रवारी मी शेड पाडतोय, तुमच्या नवऱ्याच्या दोस्ताला काय वाचवायचं ते वाचवू दे.

डॉक्टरनं करंगळीचं पेर काढून टाकलं, दुसऱ्या बोटाला सात टाके घातले. बीबीजान पोलिसांत जाऊ म्हणत होती. जैनुद्दीननं जनार्दनची शपथ पुढं केली. खरं कारण ते नव्हतं, आणि बीबीजानला ते कळत होतं. तिनं दोन वेळा विचारलं, मग ताट पुढं सरकवून आत निघून गेली.

गुरुवारी सकाळी तो बाकापाशी बसला. त्याच वाईसमध्ये तासणीचं पातं धरलं आणि उजव्या हातानं कानस मारायला लागला. डाव्या हाताच्या मनगटानं कानशीचं टोक दाबायचं, बोटं वर ठेवायची. प्रत्येक फेरीला ठणक खांद्यापर्यंत जायची. कानशीचे ओरखडे गेल्यावर जाड दगड घेतला, मग बारीक दगड, मग चामड्याच्या पट्ट्यावर पातं ओढलं. दुपारी त्यानं ते मनगटाजवळ फिरवलं तर केस कापून पडले.

सुताराला एवढी धार लागत नाही. बाभळीच्या गाठीवर ती एका घावात गेली असती. लाकडासाठी धारेला थोडी जाडी ठेवावी लागते, ही गोष्ट तो रविवारच्या मंडळींना दर वेळी समजावून सांगायचा. असली पातळ धार मऊ वस्तूला लागते. हे सगळं त्याला धार लावताना माहीत होतं. तो थांबला नाही. नवा दांडा बसवला, पाचर ठोकली, पातं गोणपाटात गुंडाळलं.

बीबीजान चहा घेऊन आली. तिनं पट्ट्यावर पडलेले केस बघितले आणि विचारलं, "कुणाचं लाकूड तासायचंय?"

त्यानं चहा घेतला आणि पट्ट्यावरचे केस फुंकून टाकले.

शुक्रवारी तो कधी पौड सोडत नसे, जुम्म्याच्या नमाजासाठी. त्या शुक्रवारी सकाळी नऊच्या जीपनं गेला.

रिह्यात शेडसमोर जेसीबी येऊन उभा होता. चालक सावलीला बसून कुणाचीतरी वाट बघत होता. जनार्दन शेडमध्ये, उघड्या पडलेल्या जागेत, स्टुलावर बसला होता. आशालतानं त्याला दोनदा घरात चला म्हणून सांगून बघितलं होतं, तो हलला नव्हता. जैनुद्दीननं पिशवीतून तासणी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. जनार्दननं गोणपाट सोडलं, धारेवरून अंगठा फिरवला. अंगठ्यावर लगेच रक्ताची रेघ उमटली. त्यानं ती बघितली. मग जैनुद्दीनच्या पट्टी बांधलेल्या हाताकडं बघितलं. हे कुणी केलं ते विचारलं नाही. तासणी स्टुलाखाली, लाकडाच्या ढलप्यांत सरकवून ठेवली.

जैनुद्दीनला त्या वेळी निघून जाता आलं असतं, किंवा ते हत्यार परत पिशवीत टाकता आलं असतं. तो शेडच्या खांबाला टेकून उभा राहिला.

अकराच्या सुमाराला कैलास आला. बरोबर दोघं जण होते, जैनुद्दीनला अनोळखी. शेजारच्या खळ्यावर भात झोडणारी माणसं बांधावर येऊन उभी राहिली, पण बांध उतरून कुणी खाली आलं नाही. कैलासनं जेसीबीवाल्याला मशीन चालू करायला सांगितलं आणि बापाला दंडाला धरून ओढलं. जनार्दन स्टुलावरून कोलमडला, प्लॅस्टरचा हात खांबावर आदळला. त्याचा आवाज ऐकून आशालता घरातनं धावत आली आणि दोघांच्या मधे उभी राहिली. नुसती सासऱ्यापुढं हात पसरून उभी राहिली.

कैलासनं तिच्या पोटात गुडघा घातला. ती दुमडली तशी तिची वेणी मुठीला गुंडाळून तिला रस्त्याकडं ओढायला लागला. शेडच्या दगडी पायरीवर तिचं कपाळ आपटलं, तो थांबला नाही, दुसऱ्यांदा आपटलं. पायरीवर रक्ताचा लांब फराटा ओढला गेला. जेसीबीच्या आवाजात तिचं ओरडणं ऐकू येत नव्हतं, तोंड उघडलेलं तेवढं दिसत होतं.

जनार्दन ढलप्यांतून तासणी काढून मागून आला. सत्तरीचा, एक हात निकामी, पण आयुष्यभर तासणी चालवलेला माणूस. त्यानं ती डोक्यावर नेली नाही, खांद्यापासून आणली, जशी ओंडक्यावर आणतात. घाव कैलासच्या उजव्या खांद्यावर, मानेच्या मुळाशी बसला आणि पातं अर्ध्यापर्यंत आत गेलं. जनार्दननं ते उपसलं तसं रक्त उसळून त्याच्याच तोंडावर आलं. कैलास वळला. आपला उजवा हात लोंबकळतोय हे त्याला दिसलं, पण समजलं नसावं, कारण तो त्या हाताकडं दुसऱ्या कुणाची वस्तू असल्यासारखा बघत राहिला आणि मग गुडघ्यांवर बसला. आशालताची वेणी अजून त्याच्या डाव्या मुठीत होती. बरोबरचे दोघं रस्त्यानं पळत सुटले.

जनार्दननं तासणी पुन्हा उचलली.

जैनुद्दीन हातभर अंतरावर होता. त्याचा उजवा हात मोकळा होता. दांडा धरता आला असता, निदान दोस्ताच्या नावानं हाक मारता आली असती. तो उभा राहिला. किती वेळ, तर एक श्वास, फार तर दोन. तेवढ्यात त्याच्या मनात वाईसचा दांडा फिरत होता आणि त्याला दुसरा घाव बघायचा होता.

आशालतानं डोळ्यांवरचं रक्त पुसलं, गुडघ्यांवर उठली आणि दोन्ही हातांनी तासणीचा दांडा वरच्या वर धरला.

"मामा, बास," ती म्हणाली.

जनार्दननं मूठ सोडली.

मग जैनुद्दीन जागा झाला. त्यानं खांद्यावरचा टॉवेल जखमेत कोंबला आणि गुडघा देऊन दाबून धरला. जेसीबीवाल्यानं मशीन बंद केलं, धावत जाऊन कुणाची तरी जीप आणली. पौडपर्यंत आणि तिथून पुढं पुण्यापर्यंत कैलासचं डोकं जैनुद्दीनच्या मांडीवर होतं. दाबून दाबून त्याच्या स्वतःच्या बोटांचे टाके उसवले, आणि कुणाचं रक्त कुठलं ते कळेनासं झालं. भूगावच्या जवळपास कैलासनं डोळे उघडले आणि म्हणाला, "चाचा, थंडी वाजतीया." जैनुद्दीननं आपला सदरा काढून त्याच्या अंगावर टाकला. त्याच्या मनात आलं, हा मरू नये. सकाळपासून पहिल्यांदा आलं.

कैलास मेला नाही. पण खांद्यातल्या नसा तुटल्या होत्या. उजवा हात अंगाला राहिला एवढंच, त्याला काही कळायचं नाही आणि तो हलायचा नाही.

पोलीस आले तेव्हा जनार्दन शेडमध्येच बसलेला होता. त्यानं सांगितलं की तासणी शेडमध्ये पडलेली होती, हाताला लागली, मारली. जैनुद्दीन मागाहून आला, त्याचा काही संबंध नाही. संध्याकाळी जैनुद्दीन स्वतः चौकीत गेला. त्यानं पोत्यापासून सगळं सांगितलं: धार मी लावली, एवढी धार लाकडाला लागत नाही हे मला माहीत होतं, ती मी त्याच्या मांडीवर नेऊन ठेवली, आणि दुसरा घाव पडत होता तेव्हा मी हात पुढं केला नाही. लिहून घेणारा हवालदार मधेच थांबला. त्यानं विचारलं, जनार्दन मारणार आहे असं तो तुम्हाला म्हणाला होता का? जैनुद्दीन म्हणाला, नाही. तुम्ही त्याला मार म्हणालात का? नाही. हवालदारानं त्याच्या हाताकडं बघितलं, वाईसची हकिगत मात्र बारीकसारीक विचारून लिहून घेतली आणि खाली सही करायला सांगितली. जैनुद्दीनच्या डोक्यावरचं ओझं तिथं कुणालाच उतरवून घ्यायचं नव्हतं.

आशालतानं दवाखान्यातनं जबाब दिला. नवऱ्यानं आधी काय काय केलं ते तिनं तारखांसकट सांगितलं. जनार्दनला वय बघून साडेतीन महिन्यांनी जामीन झाला. खटला अजून उभा राहायचा आहे.

जामिनानंतर चार दिवसांनी आशालता पौडला आली. कपाळावरची खूण केसांत गेली होती. तिनं सांगितलं की कोळवणला एका फार्महाऊसवर देखरेखीचं काम तिला मिळालं आहे, राहायला दोन खोल्या आहेत, मामांना तिकडंच नेलं. रिह्याच्या घरात कैलास एकटा आहे, त्याची चुलती दोन वेळचं जेवण नेऊन देते. बीबीजाननं तिच्यापुढं बशी ठेवली. आशालतानं चहा पिऊन संपवला आणि बीबीजान आत गेल्यावर विचारलं, "चाचा, धार लावताना तुमाला ठावं हुतं ना?"

"व्हय," जैनुद्दीन म्हणाला.

"तुमी पिशवीतनं काढली तवा मी घराच्या दारात हुते. मामांनी ढलप्यात सारली ती बी बघितली. मला काढून लपवता आली आसती." तिनं बशी बाजूला सारली. "मी भाकरी थापायला गेले."

ती उठली, पदर नीट केला आणि कोळवणच्या गाडीला गेली.

त्यानंतर दोन दिवस तो दुकानात नुसता बसून राहिला. तिसऱ्या दिवशी रिह्याला गेला. बीबीजानला सांगून गेला. ती म्हणाली, जाऊ नका, पण दाराशी आडवी आली नाही.

कैलास ओसरीवर होता. उजवा हात झोळीत, दाढी वाढलेली, शर्टाची बटणं चुकीची लागलेली. जैनुद्दीन अंगणात आला तसं त्यानं डाव्या हातानं शेजारचा पितळी तांब्या उचलून फेकला. तो जैनुद्दीनच्या भुवईवर बसला. जैनुद्दीन जागचा हलला नाही. मग पाण्याचा पेला आला, तो छातीवर लागला. मग जेवणाचा डबा. तो चुकला, भात अंगणभर सांडला. मग चप्पल. डाव्या हाताचा नेम चांगला नव्हता आणि दर फेकीला कैलासचा तोल जात होता. जवळचं सगळं फेकून झाल्यावर तो धापा टाकत बसला. जैनुद्दीन पुढं होऊन पायरीवर टेकला. भुवईतनं रक्त डोळ्यात येत होतं.

तो म्हणाला, "धार मी लावली हुती."

"ठावं हाय," कैलास म्हणाला. "आमच्या म्हाताऱ्याला तसली धार कदी जमली न्हाई."

समोरून एक जीप गेली. कैलासनं त्याच्या हाताकडं बघितलं, मग दुसरीकडं बघून विचारलं, बोटं कशी आहेत. जैनुद्दीन म्हणाला, एक गेलं, दुसरं मिटत नाही. कैलासनं मान हलवली. माफी त्यानं मागितली नाही आणि जैनुद्दीननंही मागितली नाही. जाताना जैनुद्दीननं अंगणातला डबा नि तांब्या गोळा करून ओसरीच्या कडेला ठेवला. कैलास म्हणाला, "पुन्यांदा येऊ नका. आलात तर मी काय करीन मला म्हाईत न्हाई."

जैनुद्दीन दुपारच्या जीपनं घरी आला. बीबीजाननं त्याला पडवीत बसवून भुवई धुतली. कुणी मारलं, तिनं विचारलं. त्यानं सांगितलं. तुम्ही काय केलंत, तिनं विचारलं. काही नाही, तो म्हणाला. तिनं कापसाचा बोळा जखमेवर जरा जोरानं दाबला आणि तो तसाच धरून बसायला सांगून ती भात टाकायला आत गेली.